बिऱ्हाड हलते, दाखला हलत नाही

२०२१ च्या जून महिन्यात आम्ही नांदेडहून हैदराबादेला बिऱ्हाड हलवले. पत्नी रेल्वेत आहे. तिची बदली सिकंदराबादला झाली. मी नांदेड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवीत होतो. तासिका तत्त्वाच्या नोकरीला नोकरी म्हणावे की नाही, हे या नियतकालिकाच्या प्राध्यापक वाचकांना मी वेगळे सांगायला नको. ती सोडताना फारसे दुःख झाले नाही. हैदराबादेत एका खाजगी महाविद्यालयात जागा मिळाली. एक टेम्पो, दोन कपाटे, पुस्तकांची चौदा खोकी, आठ वर्षांची मुलगी आणि म्हातारी माय एवढा सगळा पसारा घेऊन आम्ही निघालो.

घर शोधताना एका मालकाने भाडे, पाणी, डिपॉझिट सगळे ठरवले आणि मग सहज विचारले, "आप लोग कौन हैं?" मी म्हटले, "मास्तर आहे." तो हसला, त्याला ते उत्तर नको होते. दुसऱ्या दिवशी खोली भावाच्या मुलाला द्यायची असल्याचा फोन आला. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले, हा इतिहास आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. त्यापुढे माझा अनुभव किरकोळ. इथे तो एवढ्याचसाठी सांगितला की जात आमच्याबरोबर टेम्पोत बसून आली होती. तिला वाहतूक परवाना लागला नाही.

आता दुसरी बाजू. मुलीच्या शाळेचा प्रवेश अर्ज भरताना प्रवर्गाच्या रकान्यात मी अनुसूचित जाती असे लिहिले. लेखनिकाने महाराष्ट्राचा दाखला उलटसुलट पाहिला, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा 'बौद्ध' हा शब्द पाहिला, आणि म्हणाला, "बौद्ध म्हणजे मायनॉरिटी ना?" मग वरिष्ठांना विचारून आला आणि माझे लिहिलेले खोडून तिथे 'ओ.सी.' असे लिहिले. ओ.सी. म्हणजे तिकडच्या बोलीत खुला प्रवर्ग. महारकी केलेल्या माणसाची पणती एका खोडरेषेने खुल्या प्रवर्गात गेली! मी भांडलो. पण भांडून घरी आल्यावर कायदा वाचला, तेव्हा ध्यानात आले की लेखनिक अडाणी असला तरी चुकलेला नव्हता. हा लेख त्या वाचनातून झाला आहे. आपली शिकलेली मुले आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाहीत. बंगळूर, हैदराबाद, सुरत, दिल्ली येथे संसार थाटतात. त्यांच्यापैकी फार थोड्यांना ही गोष्ट निघण्यापूर्वी ठाऊक असते. मला नव्हती, आणि मी मुलांना राज्यघटना समजावून सांगणारा माणूस!

घटनेच्या ३४१ व्या कलमात राष्ट्रपतींनी जातींची अनुसूची काढायची आहे, ती 'त्या राज्याच्या संबंधात'. सगळे या तीन शब्दांत आहे. अनुसूचित जात ही देशभर एक अशी गोष्ट नाही. प्रत्येक राज्याची यादी वेगळी. १० ऑगस्ट १९५० रोजी पहिला आदेश निघाला. त्या दिवशी तुमचा बाप, आजा ज्या राज्याचा कायम रहिवासी होता, त्या राज्यापुरते तुम्ही अनुसूचित जातीचे. पुढे तुम्ही कोठे जन्मलात, कोठे शिकलात, किती वर्षे राहिलात, याने त्यात फरक पडत नाही. केंद्रीय गृहखात्याने २२ फेब्रुवारी १९८५ च्या परिपत्रकात हेच सांगितले: स्थलांतरिताला सवलती मिळतील त्या मूळ राज्याकडून, नव्या राज्याकडून नव्हे.

मला वाटले होते, आपली जात तेलंगणाच्या यादीत आहेच, मग अडचण कसली? महार ही जात महाराष्ट्राच्या यादीत आहे तशी तेलंगणाच्या, कर्नाटकाच्या, गुजरातच्याही यादीत आहे. पण नावाचे साम्य उपयोगाचे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव खटल्यात हा प्रश्न निकाली काढला. तो खटला आमच्या नेमका उलट दिशेचा होता. आंध्रात अनुसूचित जमातीत मोडणाऱ्या घरातला मुलगा, वडील सरकारी कंपनीच्या नोकरीनिमित्त मुंबईत आलेले, मुलाचे शिक्षण मुंबईत झालेले. वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी महाराष्ट्राने त्याला राखीव जागा नाकारली आणि न्यायालयाने ती नकारघंटा कायम केली. १९९४ मध्ये आणखी एका निकालात स्पष्ट झाले की दोन्ही राज्यांच्या यादीत एकाच नावाची जात असली, तरी एका राज्याचा माणूस दुसऱ्या राज्यात त्या जातीचा धरला जात नाही. २०१८ च्या बीरसिंग निकालाने राज्य सरकारांच्या नोकऱ्यांबाबत तेच कायम केले. दिल्लीसारख्या केंद्राच्या अखत्यारीतील सेवांना मात्र देशभरचे आरक्षण लागू राहील म्हटले. जमिनीलाही हेच. राजस्थानात दलिताची जमीन दलितालाच विकता येते. पंजाबच्या दलिताने तेथे घेतलेल्या जमिनीचा व्यवहार २०२२ मध्ये बेकायदा ठरला.

न्यायालयाचा युक्तिवाद टाकाऊ नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जातीचे मागासलेपण त्या त्या मुलखाच्या परिस्थितीत मोजलेले असते. बाहेरून आलेला, थोडा शिकलेला, थोडा सावरलेला माणूस स्थानिक दलिताच्या वाट्यात हात घालील, ही भीतीही खोटी नाही. तेलंगणातला मादिगा शेतमजूर मला विचारू शकतो की बाबा रे, तू मास्तर, तुझी बायको रेल्वेत, आणि तुला आमच्या ताटातले का हवे? त्याला द्यायला माझ्याजवळ उत्तर नाही. मुंबईत बाहेरच्या राज्यांतून आलेल्या सफाई कामगारांच्या मुलांना १९५० पूर्वीचा पुरावा आणायला सांगितले जाते, तेव्हा आपल्यापैकी किती संघटना त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरल्या? आपण तेव्हा गप्प होतो, कारण ताट आपले होते.

पण या युक्तिवादात 'राज्य' हा शब्द जणू डोंगर-नदीसारखा कायमचा धरला आहे. माझ्या घराचीच गोष्ट पाहा. माझा आजा बिलोली तालुक्यातला. १० ऑगस्ट १९५० रोजी तो हैदराबाद राज्यात राहत होता. मराठवाडा तेव्हा हैदराबादेतच होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. आज्याने झोपडी हलवली नाही. सीमाच दोनदा त्याच्या झोपडीवरून गेली. त्याच पुनर्रचनेत नांदेड जिल्ह्याची पाच सर्कले मात्र आंध्राकडे गेली: देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल, आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर. आजीचे माहेर भैंशाकडचे. तिच्या भावाचा नातू आज तेलंगणात अनुसूचित जातीचा आहे आणि मी नाही. एकच जात, एकच धम्म, आजी-आजोबांचे लग्न एका मांडवातले. मी एका वकिलांना विचारले, की १९५० साली आम्ही हैदराबाद राज्याचेच होतो, मग हैदराबादेत आमचा हक्क का नाही? ते हसून म्हणाले, "गाव जिकडे गेले तिकडे तुम्ही."

मग आपल्याबरोबर काय येते? केंद्राचे ते सगळे येते. केंद्र सरकारच्या नोकऱ्या, बँका, रेल्वे, आयआयटी, केंद्रीय विद्यापीठे, वैद्यकीयच्या अखिल भारतीय कोट्यातील जागा येथे महाराष्ट्राचा दाखला चालतो. नव्या राज्यातील अधिकाऱ्याकडूनही, वडिलांच्या मूळ राज्यातील दाखल्याच्या आधारे, केंद्राच्या कामासाठी दाखला मिळू शकतो; त्यावर मूळ राज्याचे नाव असते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याबद्दल बरीच वर्षे घोळ होता. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितले की त्याचे संरक्षण मूळ राज्यापुरते नाही. पीडित कोठेही गेला तरी ते त्याला आहे. म्हणजे शिवी परराज्यात मिळाली तर तक्रार करता येते. शिष्यवृत्ती मात्र मागता येत नाही.

आणखी एक गंमत. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्यानुसार लोकसभेच्या राखीव जागेवर त्या राज्याच्या किंवा इतर कोणत्याही राज्याच्या अनुसूचित जातीचा माणूस उभा राहू शकतो. विधानसभेच्या राखीव जागेला मात्र त्याच राज्याचा हवा. म्हणजे सीमा ओलांडून दलिताला दलित मानणे संसदेला अशक्य नव्हते. खासदारकीपुरते तिने ते मानले. बाबासाहेब स्वतः १९४६ साली घटना समितीवर गेले ते बंगालमधून. १९९० च्या निकालातही न्यायालयाने हा प्रश्न कायदेमंडळांनी विचारात घ्यावा असे सुचवले होते. त्याला तीन तपे होत आली.

आमची खरी अडचण मुलीची आहे आणि ती अशी. तेलंगणात वैद्यकीय प्रवेशासाठी स्थानिक विद्यार्थी ठरायचे तर सलग चार वर्षे, नववी ते बारावी, त्या राज्यात शिकावे लागते. ती इथेच शिकली तर स्थानिक ठरेल, पण अनुसूचित जातीची ठरणार नाही. महाराष्ट्रात ती अनुसूचित जातीची आहे, पण तेथील वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी, काही अपवाद सोडता, दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली हवी आणि अधिवासही हवा. एका राज्यात माणूस आहे पण जात नाही. दुसऱ्या राज्यात जात आहे पण माणूस नाही. अभियांत्रिकीचे नियम थोडे सैल आहेत, आईवडिलांचा अधिवास तेथे चालून जातो. ही माहितीपुस्तके दरवर्षी बदलतात. ज्याची मुले सातवी-आठवीत आहेत त्याने दोन्ही राज्यांची पुस्तके त्याच वर्षी वाचावीत, बारावीच्या निकालानंतर नव्हे. मोटारसायकलीचे बरे असते. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली की तिला नवा नंबर घ्यावाच लागतो आणि ती त्या राज्याची होते.

कागदांबद्दल थोडे सांगतो, कारण इथेच आपली माणसे अडकतात. बिऱ्हाड हलवण्यापूर्वी मुलांचे जातीचे दाखले मूळ तालुक्यातून काढून घ्यावेत. वडिलांचे वैधता प्रमाणपत्र असेल तर उत्तम. नसेल तर आपले तरी करून ठेवावे, कारण पुढे मुलांच्या वेळी तोच मोठा आधार. दाखला राज्याच्या नमुन्यात आणि केंद्राच्या नमुन्यात असा दोन्ही घ्यावा. बौद्धांनी विशेष जपावे. १९५० च्या आदेशात १९५६ साली शीख आले, पण बौद्ध आले ते थेट १९९० मध्ये. महाराष्ट्राने त्याआधीपासून नवबौद्धांना सवलती दिल्या म्हणून आपल्याला ते जाणवले नाही. परराज्यातल्या कारकुनाला मात्र नुसत्या 'बौद्ध' या शब्दावरून काही कळत नाही. दाखल्यावर पूर्वाश्रमीच्या जातीचा उल्लेख आहे की नाही ते पाहून घ्यावे. ती जात टाकण्यासाठीच आपण धम्म घेतला, आणि ती लिहिलेली आहे ना हे भिंग लावून पाहावे लागते! मला हे लिहितानाही बरे वाटत नाही, पण न पाहिल्याने मुलाचे वर्ष जाते.

आणि १९५० चा पुरावा. आमचा आजा शाळेत गेलाच नाही, त्यामुळे त्याचा प्रवेश निर्गम उतारा असण्याचा प्रश्न नाही. बापाचा आहे, चौथीपर्यंतचा, पण बाप १९५५ चा. मराठवाड्यात अशा वेळी खासरा पत्रक कामी येते. १९५४-५५ च्या सुमाराची ही नोंद तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. महारकीच्या जमिनीच्या तुकड्यासमोर आज्याचे नाव सापडले, तर त्या गावचा रहिवास दाखवायला ते उपयोगी पडते. ज्यांच्याकडे तुकडाही नव्हता त्यांचे काय? ऊसतोडीला, वीटभट्टीला, बांधकामावर कर्नाटक-तेलंगणात जाणारी आपली माणसे दाखल्याशिवायच जातात. त्यांची मुले तिथल्या शाळेत बसली तरी त्यांच्यासाठी कोण नांदेडला येऊन अभिलेख उघडणार? ज्या कार्यकर्त्यांच्या जिल्ह्यातून मजुरांचे तांडे जातात, त्यांनी दसऱ्याच्या आधी, गाड्या भरण्यापूर्वी, गावोगाव दाखल्यांची शिबिरे घेतली तर निवेदनांपेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

मुलगी आता सातवी पुरी करते आहे. तिला नववीपासून नांदेडला ठेवावे, असे माय म्हणते. ती स्वतः नातीसोबत खोली करून राहायला तयार आहे. म्हणजे घर पुन्हा मोडायचे, अर्धे इकडे, अर्धे तिकडे. पत्नीला ते मान्य नाही. ती म्हणते, केंद्राच्या परीक्षांची तयारी करू, पोरीला आईपासून तोडायचे नाही. आमचे अजून ठरलेले नाही. गेल्या महिन्यात मी दोन दिवसांची रजा काढून बिलोलीला गेलो होतो, मुलीच्या दाखल्यासाठी. खासरा पत्रकाचा उतारा मिळाला. आज्याचे नाव त्यात आहे, बापाच्या नावाशिवाय, नुसते नाव आणि पुढे 'महार'. सेतू केंद्रातल्या मुलाने संगणकावर अर्ज भरताना सध्याचा पत्ता विचारला. मी सिकंदराबादचा सांगितला. त्याने बोटे थांबवली आणि म्हणाला, "सर, गावचाच टाकू का? नाहीतर वर जाऊन अडकतंय." मी म्हटले, खरा आहे तोच टाक. अर्ज अजून प्रांत कार्यालयात आहे.