पिंजऱ्यातील कोंबडी व गादीवरील कोंबडी

मलकापूर, नांदुरा, शेगाव या घाटाखालील भागात एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखाली माणसास उभे राहवत नाही. कोंबडीस तर घामही येत नाही. चोच उघडून धापा टाकणे व पंख अंगापासून दूर धरणे एवढेच तिच्या हाती असते. तारेच्या पिंजऱ्यात तिच्या वाट्यास जेमतेम अर्धा चौरस फूट जागा येते. तेथे पंखही पसरता येत नाहीत.

चालणे थांबले की कोंबडीची हाडे ठिसूळ होतात. धुळीत लोळणे, आडोशाला अंडे घालणे, रात्री दांडीवर बसणे या उपजत सवयींना वाव नसला म्हणजे कोंबड्या एकमेकींस टोचू लागतात व मग त्यांच्या चोची छाटाव्या लागतात. दाटीत रोग पसरेल या भीतीने खाद्यात औषधे मिसळण्याची प्रथा पडली. माणसाच्या गंभीर आजारात अखेरचा उपाय म्हणून राखलेले कोलिस्टिनही त्यांत होते; केंद्र शासनाने २०१९ साली त्यावर बंदी घातली.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला आणि मार्चमध्ये तो बुलढाण्याच्या शेजारील जळगाव जिल्ह्यात पोहोचला. लाखो पक्षी नष्ट करावे लागले. त्यांत परसातील कोंबड्याही होत्या. पिंजऱ्यानेच तो रोग आणला असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. परंतु एका छपराखाली हजारो पक्षी दाटीने कोंडले असता कोणताही साथीचा रोग आवरणे कठीण जाते.

हालचालीपुरती जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. युरोपीय संघाने असे साधे पिंजरे २०१२ पासून बंद केले.

लहान शेतकऱ्यास गादी पद्धत अधिक सोयीची. जमिनीवर भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा चार ते सहा इंच पसरावा व वरचेवर खालीवर करावा. दर पक्ष्यास दोन ते अडीच चौरस फूट जागा, बसण्यास दांड्या आणि पाच कोंबड्यांमागे अंड्यांसाठी एक खोका ठेवावा. खाद्यास मका व सोयाबीनची पेंड जिल्ह्यातच मिळते. या पद्धतीत खाद्य थोडे अधिक लागते व काही अंडी मळतात, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी शेतकऱ्यापासून लपवू नये. जुनी गादी मात्र कपाशीस उत्तम खत होते.

मोकळ्या कोंबडीसही मानमोडी सोडीत नाही. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचे थेंब डोळ्यात किंवा नाकात द्यावेत व आठव्या आठवड्यात आर-२-बी लस टोचून घ्यावी. पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस बर्फात ठेवूनच आणावी आणि मिसळल्यावर दोन तासांत संपवावी.