आधी ठेव, मग कर्ज

गरीब स्त्रीला कर्ज मिळत नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे. कर्ज तिला नेहमीच मिळत आले; प्रश्न आहे तो ते कोणाकडून आणि कोणत्या दराने, हा. पहाटे ९० रुपये घेऊन संध्याकाळी १०० परत करणारी भाजीवाली रोज कर्ज काढते आणि रोज फेडते. तिला पत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडलेला नसतो.

अहमदाबादेत तो मांडला गेला. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांची दारे गरिबांना खुली झाल्याचे सांगण्यात येत होते. इला भट्ट यांनी १९७२ साली स्थापन केलेल्या ‘सेवा’ संघटनेने फेरीवाल्या आणि ओझेवाल्या स्त्रियांना त्या दारांपर्यंत नेले. परंतु मळक्या वस्त्रांतील, मूल कडेवर घेऊन अवेळी येणाऱ्या या खातेदार बँकांना रुचल्या नाहीत. तेव्हा ४,००० स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपये भागभांडवल देऊन १९७४ साली स्वतःची सहकारी बँक उभी केली. सही येत नव्हती, म्हणून पासबुकावर छायाचित्र आले. सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवड येथे, चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने निघालेल्या महिला सहकारी बँकेची कथाही अशीच आहे. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याने पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला. त्या अक्षरे शिकून पुन्हा गेल्या, व्याजाचा तोंडी हिशेब करण्याची तयारी त्यांनी दाखविली, आणि १९९७ साली परवाना मिळाला.

या दोन्ही ठिकाणी कर्जदार स्त्री ही ठेवीदार आणि मालकही होती. नेमका हाच धागा पुढे सुटला. नफ्यासाठी निघालेल्या सूक्ष्मवित्त कंपन्यांना ठेवी स्वीकारण्याची मुभा नसते; त्यांचे भांडवल बाहेरून येते आणि परताव्याची अपेक्षा सोबत आणते. आंध्र प्रदेशात त्याचा परिणाम दिसला. एकाच घरात चार-चार कर्जे दिली गेली, एकाचा हप्ता दुसऱ्याच्या कर्जातून भरला जाऊ लागला. गटातील परस्परांची हमी हा आधार होता. तीच शेजारणीला वसुलीदार करून गेली. ऑगस्ट २०१० मध्ये अशा एका बड्या कंपनीचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. ऑक्टोबरमध्ये, वसुलीच्या जाचामुळे आत्महत्या झाल्याच्या तक्रारींनंतर, राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला.

व्याजाच्या भाषेतही फसगत आहे. १०,००० रुपये बारा टक्के सरळ दराने घेऊन पन्नास आठवड्यांत फेडायचे, म्हणजे दर आठवड्यास २२४ रुपये. मुद्दल मात्र दर हप्त्याला घटत असते आणि व्याज मूळ रकमेवरच लागते. घटत्या शिलकीवर मोजले तर हा दर चोवीस टक्क्यांच्या आसपास जातो. कर्ज देणाऱ्याला हे ठाऊक असते. घेणारीला ते कोणी सांगत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत बांधले. मात्र व्याजाचा दर ठरविणे कंपन्यांवर सोपविले. मर्यादा योग्य आहे, पण ज्या घरात उत्पन्नाची नोंदच नसते तेथे ‘निम्मे’ कोण मोजणार? ते काम अखेर हप्ता गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यावर येते आणि त्याचा पगार वाटलेल्या कर्जांच्या संख्येशी बांधलेला असेल, तर त्याचे माप सैल पडणारच.

म्हणून या व्यवसायात उतरू पाहणाऱ्यांनी प्रथम ठेवीचा विचार करावा, कर्जाचा नंतर. जिची बचत संस्थेत आहे तिला वाईट वर्षात हप्त्यासाठी भांडी विकावी लागत नाहीत, आणि संस्थेलाही तिच्या ऐपतीची खरी ओळख होते. कायद्याने ठेव घेता येत नसेल, तर तिला बँकेत वा टपाल कार्यालयात खाते उघडून द्यावे. कर्जाने धंदा वाढतो हे खरे. परंतु धंदाच नसलेल्या घरात कर्ज म्हणजे केवळ पुढे ढकललेली टंचाई होय. गरीब स्त्री पैसे बुडवीत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. तिच्या या प्रामाणिकपणावर कोणी किती नफा कमवावा, हे ठरावयाचे राहिले आहे.