जुना गॅस ग्रिल घेताय? आधी बर्नर उघडा, मग सिलिंडर जोडा

मिरारोड : दहिसर चेकनाका ओलांडून पेणकरपाड्याकडे वळलं की संध्याकाळी खाण्याच्या गाड्यांचा धूर दिसायला लागतो. कोळशाचा खर्च आणि राखेचा त्रास नको म्हणून बरेच जण गॅसच्या ग्रिलकडे वळतात. नवा ग्रिल परवडत नाही. मग मुंबईत एखादं हॉटेल बंद झालं की त्याचा जुना माल भंगारवाल्याकडून घ्यायचा, असा सरळ हिशेब असतो. त्यात वाईट काही नाही. जाड पत्र्याचा जुना ग्रिल नव्या स्वस्त मालापेक्षा जास्त टिकतो. पण "पेटतोय ना, मग झालं" म्हणून घेतलेला ग्रिल पहिल्याच दिवशी तोंडावर भडकू शकतो.

ग्रिल जुना झाला की आधी दोनच गोष्टी जातात, बर्नर आणि ठिणगी देणारा इग्नायटर. दोन्ही दुरुस्त होतात. बरंचसं काम पाना, ब्रश आणि साबणाच्या पाण्यावर घरीच होतं.

आधी बर्नर समजून घ्या. घरच्या शेगडीत गोल पितळी बर्नर असतो, ग्रिलमध्ये बहुतेक लांब नळी असते आणि तिला दोन्ही बाजूंनी बारीक भोकं असतात. नॉब फिरवला की गॅस एका बारीक पितळी जेटमधून जोरात सुटतो आणि नळीच्या तोंडातून हवा सोबत ओढून घेतो. गॅस आणि हवा नळीत मिसळतात आणि भोकांवर निळी ज्योत धरते. हे मिश्रण बिघडलं की सगळं बिघडलं. ज्योत पिवळी, भांड्याला काजळी, म्हणजे हवा कमी पडतेय. ज्योत भोकावरून उचलून फडफडतेय, म्हणजे हवा जास्त होतेय. नळीच्या तोंडाशी झडप असते, ती थोडी फिरवून हवा जुळवता येते. ज्योत निळी, टोकाला किंचित पिवळी झाक, एवढं पुरे.

खरा धोका वेगळाच आहे. पावसाळाभर ग्रिल पडवीत झाकून ठेवला की नळीत कोळी जाळं करतो, नाहीतर कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. बाहेरून काहीच दिसत नाही. गॅस पुढं जायला वाट मिळत नाही, तो मागं नॉबच्या बाजूला साचतो आणि तिथंच पेट घेतो. नॉबखाली घुर्रर्र आवाज आला किंवा नॉब तापला, तर हात पुढं न नेता आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा. एवढी एक गोष्ट घरातल्या पोरांना पण सांगून ठेवा.

म्हणून जुना ग्रिल आणला की तो पेटवून बघायचा नाही. आधी बर्नर बाहेर काढायचे. स्क्रू गंजलेले असतील तर तेल सोडून रात्रभर ठेवा, जोर लावला की डोकं तुटतं. नळी उजेडाकडे धरून आरपार बघा. बाटली धुवायच्या लांब ब्रशने आतून घासा, साबणाच्या पाण्याने धुवा आणि उन्हात कडक वाळवा. भोकं तारेने एकेक मोकळी करा. जेटच्या बाबतीत मात्र हात आवरा. त्यात सुई किंवा ड्रिल घालून भोक मोठं करणारे कारागीर आहेत. तसं केलं की ज्योत मोठी दिसते आणि गिऱ्हाईक खूश होतं, पण गॅस गरजेपेक्षा जास्त सुटतो, नीट जळत नाही. जेट रॉकेलमध्ये भिजवून फुंकर मारा, फार तर वायरमधली तांब्याची एक बारीक तार हलकेच फिरवा. नाहीच साफ झाला तर जेट बदला, ती काही मोठी महाग वस्तू नाही.

नळीला चीर असेल, दोन भोकांमधला पत्रा खाऊन एकच मोठं भोक झालं असेल, तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. एम-सील किंवा वेल्डिंगचा डाग ज्योतीपुढे टिकत नाही. आपल्याकडे खाडी, मिठागरं आणि खारा वारा. त्यात स्टील म्हणून घेतलेला बर्नर पण गंजतो. मापाचा नवा बर्नर बसवणं हाच उपाय.

आता इग्नायटर. बटण दाबल्यावर 'टक' असा एकच आवाज येतो तो पिझो. त्याला सेल लागत नाही. आतली छोटी हातोडी एका स्फटिकावर आपटते आणि त्या दाबाने हजारो व्होल्टची क्षणभर वीज तयार होते. क्युरी बंधूंनी 1880 साली दाखवलेला हा गुण आज घरच्या गॅस लायटरमध्ये पण आहे. 'टकटकटक' असा सलग आवाज असेल तर तो सेलवरचा. तिथं आधी सेल बदला, त्याच्या डब्यातला हिरवट गंज पॉलिश पेपरने काढा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

तपासणी अंधारात करायची, आणि सिलिंडर जोडलेला नसताना. बटण दाबून ठिणगी कुठं पडते ते बघा. ती तारेच्या टोकावरून बर्नरवर उडायला हवी. मधलं अंतर साधारण 3 ते 5 मिलिमीटर ठेवा. टोकावरची काजळी आणि तेलकटपणा पुसा. तारेभोवतीच्या पांढऱ्या चिनीमातीला बारीक तडा असेल तर ठिणगी तिथूनच बाजूला पळते, मग तो तुकडा बदलावाच लागतो. वायर पत्र्याला घासून उघडी पडली तरी तसंच होतं. आणि बर्नर जिथं स्क्रूने बसतो तिथं गंज असेल तर विजेला परत जायला वाट राहत नाही. सगळे भाग नवे टाकून पण ठिणगी येत नाही, तेव्हा हा गंज बघायचा राहिलेला असतो. धुतल्यावर लगेच पेटत नसेल तर घाबरू नका, ओल आहे, वाळू द्या.

जोडणी करताना रेग्युलेटर बघून घ्या. घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर कमी दाबाचा असतो. भट्टीचा, नॉब फिरवून दाब वाढवता येणारा रेग्युलेटर कमी दाबाच्या ग्रिलला लावला तर ज्योत वावभर उठते. धंद्याला 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर वापरायला कायद्याने मनाई आहे, 19 किलोचा घ्यावा लागतो. पाइपच्या गॅसवर चालणारा ग्रिल तर सिलिंडरला तसाच जोडूच नका. पाइपच्या गॅसचा जेट मोठ्या भोकाचा असतो, सिलिंडरचा गॅस त्यातून भसाभस सुटतो. जेट बदलूनच वापरा. घेतानाच विक्रेत्याला विचारा, ग्रिल कोणत्या गॅसवर चालत होता. त्याला सांगता येत नसेल तर जाणकाराकडून जेट तपासून घ्या.

रबरी नळी जुन्या ग्रिलसोबत आलेली वापरू नये. आयएसआय शिक्क्याची, आत तार असलेली नवी घ्या. मग सगळे सांधे, कॉक आणि नळी साबणाच्या फेसाने तपासा. फुगा आला की गळती. काडी पेटवून गळती बघणारे अजून आहेत, त्यांच्या जवळ उभं राहू नका.

पेटवताना झाकण उघडं पाहिजे. पाच सेकंदांत पेट घेतला नाही तर नॉब बंद करून पाच मिनिटं थांबा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचून राहतो. पाऊस आला म्हणून ग्रिल गाळ्यात घेऊन शटर ओढणं तर अजिबात नको, आत विषारी वायू साचतो आणि त्याला वास नसतो. गॅसचा वास आला आणि गळती सापडत नसेल तर रेग्युलेटर बंद करा, विजेचं कुठलंच बटण दाबू नका, सगळ्यांना बाहेर काढा आणि लांब जाऊन 1906 वर फोन करा. सिलिंडरच्या गॅसगळतीसाठीचा हा नंबर चोवीस तास सुरू असतो.