किरणोत्सर्गी पदार्थाची पारख

सोने घ्यायचे झाले तर आपण सराफाकडे जातो. तो कसोटीच्या दगडावर दागिना घासतो, रेघेचा रंग पाहतो, तिच्यावर आम्लाचा थेंब टाकतो आणि कस सांगतो. लोणी-तुपातली भेसळ घरातली जाणती बाई नुसत्या वासावरून ओळखते. पण शिशाच्या डबीत ठेवलेला एखादा काळपट तुकडा पुढे करून कोणी ‘हे युरेनियम’ असे सांगितले, तर त्याची पारख कशी करायची? किरणोत्सर्गाला रंग नाही, वास नाही, चव नाही. जिथे आपली पाचही ज्ञानेंद्रिये मुकी होतात, तिथे फसवणुकीला रान मोकळे मिळते.

हा प्रश्न केवळ पुस्तकातला नाही. मे २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने मुंबईत दोघांना अटक करून ७.१ किलो पदार्थ जप्त केला. त्याचा नमुना तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राकडे तपासायला गेला आणि अहवाल आला, ‘नैसर्गिक युरेनियम’. पुढच्याच महिन्यात झारखंडमधील बोकारो येथे पोलिसांनी सहा किलोंहून अधिक ‘युरेनियम’ पकडले. वर्तमानपत्रांचे मथळे तसेच, खळबळही तशीच. परंतु अणुऊर्जा खात्याने प्रयोगशाळेत तपासणी केली तेव्हा तो पदार्थ युरेनियम नव्हता आणि किरणोत्सर्गीही नव्हता. त्याआधी डिसेंबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी जवळजवळ नऊ किलो धातू पकडला होता. तो युरेनियमच निघाला, पण निःसत्त्व केलेला. म्हणजे ज्यातून युरेनियम-२३५ हा उपयुक्त समस्थानिक बराचसा काढून घेतला आहे असा. तीन घटना, तीन वेगळी उत्तरे. ही उत्तरे शास्त्रज्ञ कशी काढतात, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तरी समजून घ्यायला हवे.

पहिली कसोटी : व्यवहारज्ञान

उपकरणाला हात लावण्यापूर्वीच निम्मी पारख होते. मुंबईच्या मालाची किंमत २१ कोटी रुपयांहून अधिक सांगितली गेली, म्हणजे किलोला सुमारे तीन कोटी. त्याच सुमारास जागतिक बाजारात युरेनियमच्या खनिज भुकटीचा भाव पौंडाला सुमारे ३० डॉलर होता. आपल्या पैशांत किलोला पाच हजार रुपयांच्या आसपास. माल खरा निघाला तरी भाव खोटाच होता. नैसर्गिक युरेनियमचे सामान्य माणसाला काहीही काम नाही, ते उघडपणे विकता येत नाही आणि चोरबाजारातली ‘कोटींची किंमत’ ही बहुधा विकणाऱ्याच्या तोंडातच असते.

कॅलिफोर्नियमची गोष्ट तर याहून मजेची आहे. अलीकडे ‘पन्नास ग्रॅम कॅलिफोर्नियम जप्त’ अशा बातम्या अधूनमधून येतात. हे मूलद्रव्य निसर्गात सापडत नाही. १९५० मध्ये ते कॅलिफोर्नियातील बर्कली येथे प्रथम बनवले गेले, आणि आजही अमेरिका व रशिया येथील मोजक्या अणुभट्ट्यांत मिळून वर्षाला एक ग्रॅमही तयार होत नाही. शिवाय त्याचा नेहमीच्या वापरातला समस्थानिक, कॅलिफोर्नियम-२५२, स्वतःच्या विघटनाने दर ग्रॅममागे सुमारे ३९ वॅट उष्णता देतो. पन्नास ग्रॅमचे होतात जवळजवळ १,९५० वॅट, म्हणजे पाणी तापवायच्या मोठ्या विजेच्या कांडीएवढे! आणि दर सेकंदाला बाहेर पडणारे न्यूट्रॉन एकावर चौदा शून्ये या संख्येच्या घरात. असा पदार्थ कोणी खिशात घालून आणला असेल तर त्याचा खिसा जळायला हवा आणि तो माणूस जिवंत राहायला नको. एवढा साधा गुणाकार केला तरी गणित्र लावण्याची गरज उरत नाही.

‘राईस पुलर’ नावाची फसवणूकही याच जातीची. जुने तांब्याचे भांडे तांदळाचे दाणे ओढून घेते, कारण त्यात विजेमुळे उतरलेले ‘किरणोत्सर्गी इरिडियम’ आहे, परदेशातल्या अंतराळ संस्था त्याला कोट्यवधी रुपये देतात, अशी थाप मारून महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांत अनेकांना गंडा घातला गेला आहे. दाण्यांत लोखंडाचा कीस आणि भांड्यात चुंबक, एवढेच त्यामागचे विज्ञान. किरणोत्सर्ग तांदूळ ओढत नाही, हे बारावीच्या विद्यार्थ्याने घरी सांगितले तरी एखाद्या कुटुंबाची शेतजमीन वाचेल.

दुसरी कसोटी : घनता

आर्किमिडीजची युक्ती इथेही चालते. पाण्याच्या एक घन सेंटिमीटरचे वजन १ ग्रॅम, लोखंडाचे ७.९, शिशाचे ११.३, तर युरेनियमचे सुमारे १९. तेव्हा ७.१ किलो शुद्ध युरेनियम धातूचे आकारमान अवघे ३७३ घन सेंटिमीटर भरेल, पाण्याच्या लहान तांब्यात मावेल इतके. तुकडा त्याहून मोठा असेल तर तो शुद्ध युरेनियम नव्हे. मात्र उलट निष्कर्ष काढता येत नाही. टंगस्टनची घनताही १९.३ आहे आणि सोन्याचीही तेवढीच. घनता ‘नाही’ असे ठामपणे सांगते, ‘होय’ असे सांगत नाही.

तिसरी कसोटी : गणित्र

आता गायगर-म्यूलर गणित्राकडे येऊ. पदव्युत्तर प्रयोगशाळेत जाणाऱ्यांना त्याची टकटक परिचयाची असते. परंतु गणित्र काय सांगते आणि काय सांगत नाही, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. जवळ काहीही नसताना देखील ते टकटक करते, कारण जमिनीतले खडक, भिंतीतल्या विटा आणि अवकाशातून येणारे विश्वकिरण यांचा किरणोत्सर्ग सतत चालूच असतो. तेव्हा आधी ही पार्श्वभूमी मोजायची, मग नमुना ठेवून मोजायचे आणि वजाबाकी करायची.

पण दोन आकड्यांतला फरक खरा की योगायोगाचा? समजा, दहा मिनिटांत पार्श्वभूमीचे ३०० ठोके पडले आणि नमुन्यासह ४२० पडले. अशा मोजणीत अनिश्चितता संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. वजाबाकी १२०, तिची अनिश्चितता ७२० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २७. फरक अनिश्चिततेच्या चौपटीहून अधिक आहे, तेव्हा नमुना किरणोत्सर्गी आहे असे म्हणायला हरकत नाही. हाच प्रयोग एक मिनिटच केला असता तर ३० आणि ४२ असे आकडे मिळाले असते. त्यांतला फरक १२ आणि अनिश्चितता साडेआठ. त्यावरून काहीच ठरवता आले नसते. मोजणीत घाई कामाची नाही.

आणि किरणोत्सर्ग सापडला म्हणजे युरेनियम सापडले असे नव्हे. शेतात घालतात त्या पोटॅश खतात पोटॅशियम-४० असते. शुद्ध पोटॅशियम क्लोराइडच्या प्रत्येक ग्रॅममध्ये दर सेकंदाला सुमारे १६ अणूंचे विघटन होते. लग्नाच्या वरातीतल्या जुन्या पेट्रोमॅक्सच्या जाळीत थोरियम असे. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूतही तेच असते. लबाड विक्रेता यांपैकी काहीही डबीत घालून गणित्र वाजवून दाखवू शकतो.

चौथी कसोटी : किरणांची जात आणि वर्णपट

म्हणून पुढचा प्रश्न असा की, किरण कोणत्या जातीचे आहेत? मध्ये साधा कागद धरला की आल्फा कण अडतात, ॲल्युमिनियमचा काही मिलिमीटर जाडीचा पत्रा बीटा कणांना अडवतो, आणि गॅमा किरण शिशाच्या जाड विटेलाही थोडेफार पार करून जातात. पडदे बदलत ठोके मोजले म्हणजे मिश्रणाचा अंदाज येतो. फक्त लक्षात ठेवायचे की आल्फा कण हवेतही काही सेंटिमीटरच जातात, आणि सामान्य गणित्राची काच त्यांना आत येऊच देत नाही. त्यासाठी अभ्रकाची पातळ खिडकी असलेली नळी लागते.

निर्णायक पुरावा देतो तो गॅमा वर्णपट. प्रत्येक समस्थानिकाच्या गॅमा किरणांची ऊर्जा ठरलेली असते. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखी. सीझियम-१३७ चा ठसा ६६२ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टवर उमटतो, कोबाल्ट-६० चे दोन, १,१७३ आणि १,३३२ वर, पोटॅशियम-४० चा १,४६१ वर, थोरियमच्या मालिकेचा २,६१५ वर. युरेनियम-२३५ ची मुख्य रेषा १८६ वर असते. इथे एक गंमत आहे. रेडियम-२२६ ची रेषाही १८६ च्याच जवळ येते! साध्या उपकरणाला दोन्ही एकच वाटतात. मग शास्त्रज्ञ रेडियमची वंशावळ शोधतात. ३५२ आणि ६०९ वर त्याच्या वंशजांच्या रेषा ठळक दिसल्या तर १८६ च्या रेषेत रेडियमचा वाटा आहे असे समजायचे. त्या नसल्या, आणि १,००१ वर युरेनियम-२३८ च्या वंशजाची रेषा दिसली, तर युरेनियम. शेवटी १८६ आणि १,००१ या रेषांचे परस्पर प्रमाण पाहायचे. नैसर्गिक युरेनियमात २३५ चा वाटा ०.७२ टक्के, निःसत्त्व युरेनियमात त्याच्या अर्ध्याहून कमी. मुंबईचा माल नैसर्गिक आणि ठाण्याचा निःसत्त्व असा भेद दाखवू शकते ते हे प्रमाण. निःसत्त्व युरेनियम औद्योगिक रेडिओग्राफीच्या कॅमेऱ्यांत किरण अडवणारे कवच म्हणून वापरतात. असा भाग भंगारात गेला की कोणाच्या तरी हातात ‘खजिना’ पडतो.

पाचवी कसोटी : काळ

किरणोत्सर्गी पदार्थाचे अर्धायुष्य कोणालाही बदलता येत नाही. महाविद्यालयांना प्रयोगासाठी मिळणाऱ्या बंदिस्त स्रोतांबरोबर प्रमाणपत्र येते. त्यावर समस्थानिकाचे नाव, तीव्रता, क्रमांक आणि तारीख असते. यांपैकी तारीख सर्वांत महत्त्वाची. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे. १९८० मध्ये १० मायक्रोक्यूरीचा असलेला स्रोत २०२२ मध्ये आठ अर्धायुष्ये ओलांडून २५६ वा भाग उरला, म्हणजे ०.०४ मायक्रोक्यूरी. तो क्षीण वाजतो म्हणून खोटा ठरत नाही. तो म्हातारा झालेला असतो. उलट, पोलोनियम-२१० चे अर्धायुष्य १३८ दिवस. पाच वर्षांपूर्वीची पोलोनियमची डबी आजही जोरात वाजत असेल, तर तिच्यात दुसरेच काहीतरी आहे.

मादाम क्यूरींनाही ही परीक्षा चुकली नाही. १८९८ मध्ये त्यांनी आणि पिएर क्यूरींनी रेडियम जाहीर केले तेव्हा हाती होता तो केवळ किरणोत्सर्गाचा पुरावा. देमार्से यांनी वर्णपटात नवी रेषा शोधून दिली. तरीही रसायनशास्त्रज्ञांना वजन करता येईल असा पदार्थ हवा होता. टनावारी पिचब्लेंडच्या अवशेषांवर काम करून १९०२ मध्ये त्यांनी दहावा भाग ग्रॅम रेडियम क्लोराइड वेगळे केले आणि अणुभार २२५ ठरवला. तेव्हा कुठे रेडियमवर शिक्कामोर्तब झाले.

खरा निघाला तर?

इथे सोन्याची उपमा संपते. सोने खरे निघाले तर फायदा. हा पदार्थ खरा निघाला तर संकट. १९२० च्या दशकात अमेरिकेत ‘शक्तिवर्धक’ म्हणून रेडियमचे पाणी विकले जाई. त्यांतल्या कित्येक बाटल्यांत रेडियम नव्हतेच. ते पिणारे फक्त पैशाला मुकले. पण ‘रॅडिथॉर’ नावाचे पाणी अस्सल होते. ते नेमाने पिणारा एबेन बायर्स हा धनिक जबड्याची हाडे झिजून १९३२ मध्ये मरण पावला.

आपल्याकडचे उदाहरण २०१० चे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायन विभागात बरीच वर्षे पडून असलेले गॅमा किरणांचे यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मायापुरीच्या बाजारात कामगारांनी ते फोडले. आत कोबाल्ट-६० होते. अनेकांना किरणबाधा झाली, एकाचा मृत्यू झाला. तिथे खोटे खरे म्हणून विकले गेले नव्हते. खरे काय आहे हे न पाहता विकले गेले होते. ज्या महाविद्यालयाच्या कपाटात जुने स्रोत आहेत, तिथल्या प्रत्येकाने हा धडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

तेव्हा घरी पारख करायला जाऊ नये. डबी उघडू नये, तुकडा घासू नये, कापू नये, वास घेऊ नये. युरेनियमची धूळ पोटात किंवा फुप्फुसात जाणे हे तो हातात धरण्यापेक्षा कितीतरी वाईट. वस्तू आहे तिथेच ठेवून दूर व्हावे, इतरांना दूर करावे आणि पोलिसांना कळवावे; पुढचे काम १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ आणि भाभा केंद्र यांचे. महाविद्यालयाने स्रोत अधिकृत संस्थेकडूनच घ्यावा, प्रमाणपत्र जपावे, नोंदवहीशी क्रमांक ताडून पाहावा आणि निकामी स्रोत भंगारात न टाकता रीतसर परत करावा.

हुबळी-धारवाडपासून कैगा अणुवीज केंद्र काही फार दूर नाही, आणि आपल्याच वर्गातले काहीजण पुढे अशा ठिकाणी नोकरीला जातील. त्यांना मोठी यंत्रे शिकवायला तिथे माणसे असतीलच. पण आकडा पाहून गुणाकार करण्याची, पार्श्वभूमी वजा करण्याची आणि ‘होय’ म्हणण्यापूर्वी दुसरा पुरावा मागण्याची सवय मात्र इथेच, या प्रयोगशाळेत लागली पाहिजे.