स्तन्यपान व मातृत्वभान (सातारा–सांगली परिसर)

स्तन्यपान व मातृत्वभान : अर्भकास अंगावर पाजण्याच्या काळात स्त्रीला स्वतःविषयी येणारी नवी जाणीव आणि कुटुंबाकडून व समाजाकडून तिला मिळणारी नवी ओळख, या दोहोंचा परस्परसंबंध येथे अभिप्रेत आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः सातारा व सांगली या जिल्ह्यांतील रीतींच्या आधारे हा विचार केला असून शारीरिक क्रियेचे विवेचन आवश्यक तेवढेच दिले आहे [⟶ प्रसूतिविज्ञान].

मूल जन्मले त्याच क्षणी स्त्री मनाने आई होते, हा समज आधुनिक अभ्यासकांना मान्य नाही. डेना राफेल या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ स्त्रीने १९७३ मध्ये या संक्रमणकाळास ‘मॅट्रेसन्स’ ही स्वतंत्र संज्ञा दिली. रीव्हा रूबिन या परिचर्याशास्त्रज्ञ स्त्रीने मातृत्वाची ओळख क्रमाक्रमाने कशी घडते याचे विवेचन १९८४ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. नव्या आईजवळ एखादी अनुभवी स्त्री असली की स्तन्यपान सुलभपणे सुरू होते, असे राफेल यांचे प्रतिपादन होते. महाराष्ट्रात ही सोय पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याच्या रूढीने फार पूर्वीच केलेली आहे.

माहेर आणि सासर : कृष्णाकाठच्या गावांत बाळंतिणीची खोली, शेक-शेगडी, ओवा-बाळंतशोपांची धुरी, अळिवाची खीर व डिंकाचे लाडू हा क्रम बहुतेक जातींत थोड्याफार फरकाने आढळतो. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा होते व बाराव्या-तेराव्या दिवशी बारसे. या विधींचा धार्मिक अर्थ काहीही असो, त्यांनी बाळंतिणीला घरकामातून सोडवून मुलाजवळ ठेवले, हे त्यांचे व्यावहारिक फलित होय. विशेष हे, की स्त्री येथे लेक म्हणून राहून आई होते. तिच्या चुका आईच्या नजरेखाली होतात आणि त्यांचा बभ्रा होत नाही.

पुढे ती मुलासह सासरी येते. सव्वा महिन्याचे सोयर-सोवळे संपल्यावर, तिसऱ्या महिन्यात किंवा पाचव्या महिन्यात, असा हा काळ घरोघर वेगळा असतो. लग्नात अनेकींचे नाव बदललेले असते. आता ‘अमक्याची आई’ हे आणखी एक संबोधन मिळते. पतीने पत्नीला नावाने हाक न मारण्याची चाल जेथे होती, तेथे मूल झाल्यावर तिचे स्वतःचे नाव उच्चारणारे घरात जवळजवळ कोणी उरत नसे. या संबोधनात गौरव आहे, तसाच लोपही आहे. (१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिणे महाराष्ट्र शासनाने अनिवार्य केले, ही या संदर्भात लक्षणीय घटना होय.)

‘दूध पुरत नाही’ : स्तन्यपान मध्येच थांबण्याचे सर्वांत जास्त ऐकू येणारे कारण हेच. मूल ओढू लागले की आईच्या शरीरात प्रोलॅक्टीन व ऑक्सिटोसीन ही हॉर्मोने स्रवतात. पहिल्यामुळे दूध तयार होते, दुसऱ्यामुळे ते बाहेर येते. जितके दूध निघते, तितके पुन्हा बनते. प्रसूतीनंतर सुमारे सहा आठवड्यांनी दुधाचे प्रमाण मुलाच्या गरजेशी जुळते व भरलेले, ताठर वाटणारे स्तन मऊ पडतात. ही स्वाभाविक अवस्था आहे. सव्वा महिना संपून सासरची तयारी सुरू होते तोही साधारण हाच सुमार. अशा वेळी ‘दूध आटले’ असा निष्कर्ष काढला जातो. मग वरचे दूध सुरू होते, मूल अंगावर कमी ओढते आणि त्यामुळे दूध खरोखरच कमी होते. निदान आधी होते व आजार मागून येतो, असेच म्हणावे लागते.

ताणाचाही यात भाग आहे. भीती व संकोच यांमुळे ऑक्सिटोसिनाचा स्राव मंदावतो आणि दूध असूनही सुटत नाही. सुश्रुतसंहितेने ही गोष्ट वेगळ्या परिभाषेत नोंदविली आहे : मुलाचा स्पर्श, दर्शन व स्मरण यांनी दूध वाहते आणि अखंड स्नेह हे त्याचे कारण, असे तीत सांगितले आहे. हे निरीक्षण सूक्ष्म आहे. मात्र दूध नाहीसे होण्याच्या कारणांत क्रोध व शोक यांच्या जोडीला त्याच ग्रंथाने वात्सल्याचा अभावही घातला आहे. ‘पान्हा फुटणे’ या वाक्प्रचारात मायेचे व दुधाचे जे ऐक्य कल्पिले आहे, त्याची ही दुसरी बाजू होय. जिला दूध कमी, तिची माया कमी, असा अर्थ त्यातून निघतो व नवी आई तो मुकाट्याने स्वतःला लावून घेते. वस्तुतः प्रसूतीतील अतिरक्तस्राव, अवटू ग्रंथीचे विकार, स्तनातील ग्रंथींची अपुरी वाढ यांमुळे काही थोड्या स्त्रियांना खरोखरच दूध कमी येते. मायेचा तेथे काहीही संबंध नसतो.

पहिल्या दोन-तीन दिवसांच्या पिवळसर, दाट दुधास चीक म्हणतात. तो रोगप्रतिकारक द्रव्यांनी समृद्ध असतो. तरीही तो पिळून टाकण्याची चाल पूर्वी बरीच रूढ होती. गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस आवडीने खाणाऱ्या घरात हे घडावे, हा विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) भारतात जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्या मुलांचे प्रमाण ४१.८ टक्के, तर सहा महिन्यांखालील केवळ आईच्या दुधावर असलेल्या मुलांचे ६३.७ टक्के होते. डब्यातील दुधाच्या जाहिरातींवर भारतात १९९२ च्या कायद्याने बंदी घालण्यात आली व २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला.

श्रमिक माता : वरील वर्णन घरी राहू शकणाऱ्या स्त्रीचे आहे. गळिताच्या हंगामात कृष्णा-वारणेच्या खोऱ्यांतील उसाच्या फडांवर बीड व अन्य दुष्काळी भागांतून येणाऱ्या स्त्रीची स्थिती निराळी असते. मुकादमाकडून उचल घेतलेल्या पतिपत्नींच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. म्हणजे हिशेबात ही स्त्री अर्धा कोयता असते. पहाटे फडात जायचे, मूल झोळीत किंवा मोठ्या भावंडाच्या कडेवर ठेवायचे, मोळ्या बांधता बांधता वेळ मिळेल तेव्हा पाजायचे. मजुरी टनावर असल्याने पाजण्यात गेलेला वेळ जोडीच्या कमाईतून जातो. मुंबई प्रांतात मातृत्व-लाभाचा कायदा १९२९ मध्येच झाला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुटी दिली व २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा सव्वीस आठवड्यांची केली. उचलीवर आलेल्या बाईपर्यंत यातले फारच थोडे पोहोचले.

रायगडाचे दरवाजे मिटल्यावर तान्ह्या मुलाच्या ओढीने कडा उतरून गेलेल्या हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. एस. टी. स्थानकांवरील स्तनदा मातांच्या कक्षांना तिचे नाव दिले आहे, ते उचितच. मात्र आख्यायिकेत कौतुक होते ते आईच्या धाडसाचे. दरवाजा उघडण्याचा प्रश्न मागे राहतो.

दाई व दूधपेढी : पाजणारी आणि जन्म देणारी एकच असली पाहिजे, असे पूर्वी मानले जात नसे. संभाजी महाराजांना (जन्म १६५७) पाजणारी कापूरहोळची धाराऊ गाडे हिचे नाव इतिहासात आदराने घेतले जाते. ‘दूधआई’, ‘दूधभाऊ’ या शब्दांनी हे नाते भाषेनेही मान्य केले आहे. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. अपुऱ्या दिवसांच्या किंवा आईचे दूध मिळू न शकणाऱ्या अर्भकांना तेथे इतर मातांनी दिलेले दूध निर्जंतुक करून पाजतात. दूध देणाऱ्या व घेणाऱ्या माता सहसा एकमेकींस ओळखत नाहीत.