आधी गोगलगायी, मग मासा

काचेला चिकटून एक छोटी गोगलगाय वर चढते आहे. तिच्यापासून चार बोटांवर वाटाण्याएवढा पिवळसर मासा जागच्या जागी थांबलेला आहे. अंगावर काळपट ठिपके, शेपटी एका बाजूला दुमडलेली, पर मात्र एकसारखे थरथरतायत. आधी एक डोळा गोगलगायीकडे वळतो, मग दुसरा. दोन्ही डोळे त्याला वेगवेगळे फिरवता येतात. मग एकदम झेप. कवचाबाहेर आलेल्या मऊ अंगाचा लचका तुटतो आणि थोड्या वेळाने रिकामं कवच वाळूवर पडतं. घरच्या टाकीत पाळल्या जाणाऱ्या माशांमध्ये इतक्या सावधपणे शिकार करणारा मासा मला दुसरा माहीत नाही.

हा पी पफर. फुगणाऱ्या माशांच्या कुळातल्या सर्वांत लहान माशांपैकी एक. पूर्ण वाढला तरी साडेतीन सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. सुंदरलाल होरा आणि के. कृष्णन नायर या दोघांनी १९४१ साली त्रावणकोरातल्या पंपा नदीतल्या नमुन्यांवरून त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. आज तो कॅरिनोटेट्राओडॉन त्रावणकोरिकस या नावाने ओळखला जातो. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या, सह्याद्रीतून पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्या हे त्याचं घर. याचे बहुतेक भाऊबंद थेट थायलंड, मलाया, सुमात्रा, बोर्निओकडे राहतात. मलायातल्या माशांचे नातेवाईक सह्याद्रीत कसे पोचले, या कोड्याचा होरांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला. डोंगरातल्या ओढ्यांमधले मासे सातपुड्याच्या वाटेने इकडे आले असावेत, असा सिद्धांत त्यांनी मांडला. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर शंका घेतल्या, पण प्रश्न विचारावा तर असा.

आपला बीड जिल्हा ज्या बालाघाटावर पसरला आहे, तीही सह्याद्रीचीच पूर्वेला आलेली फांदी. म्हणून या माशाला परदेशी समजण्याचं कारण नाही. मात्र आपल्या बिंदुसरा, सिंदफणा, मांजरा या नद्या गोदावरीला मिळतात. तिथे तो कधीच नव्हता. व्हिडिओ पाहून घरातल्या मुलांनी त्याचा हट्ट धरला, तर बीडसारख्या पाण्याची ओढ असलेल्या जिल्ह्यात तो पाळता येईल का? येईल. पण आपण सहसा आधी मासा आणतो, मग टाकी, मग खाणं शोधतो. इथे सगळा क्रम उलटा करावा लागतो.

आधी कोणता पफर घ्यायचा नाही, ते सांगतो. हिरवट पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेला, दुकानात तीन-चार सेंटिमीटरचा दिसणारा ग्रीन स्पॉटेड पफर ‘गोड्या पाण्यातला’ म्हणून सर्रास विकला जातो. तो खाडीतला मासा आहे. वाढून पंधरा सेंटिमीटरपर्यंत जातो आणि त्याला निमखारं पाणी लागतं. ते स्वयंपाकाच्या मिठाने होत नाही, समुद्री टाकीचं मीठ आणावं लागतं. गोड्या पाण्यात तो काही महिने तग धरतो आणि हळूहळू खंगतो. विकणाऱ्याने कितीही खात्री दिली तरी समुद्रापासून इतक्या दूर हा खटाटोप करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पाणी. टाकीचा आकार, दिवा, सजावट हे सगळं नंतर. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग नायट्रेट, जे थोडं असेल तर चालतं. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे जातात. तेवढे दिवस टाकीत मासा नको. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, फिल्टर चालू ठेवायचा आणि तपासणी किटने अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याची खात्री करायची. पफर घाण करणारा मासा आहे आणि पाण्यातला बिघाड त्याला लगेच बाधतो. हे जिवाणू पुरेसे वाढण्याआधीच मासा सोडला, तर तो दगावण्याचीच शक्यता जास्त.

नळाला पाणी आलं की त्यात टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा वास येतो. त्यातला क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना जाळतो आणि फिल्टरमधले जिवाणूही मारतो. पसरट टबात पाणी एक दिवस उघडं ठेवलं, मधून मधून ढवळलं, की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण आपल्या काळ्या पाषाणातून आलेलं ते पाणी जड असतं. बादलीच्या कडेला जमणारा पांढरा थर हा त्याचाच पुरावा. या जडपणाला घाबरण्याचं कारण नाही. पी पफर त्याला सरावतो, आणि गोगलगायींची कवचं तर याच कॅल्शियमवर भक्कम होतात.

खरी अडचण बाष्पीभवनाची आहे. एप्रिल-मे महिन्यांत टाकीची पातळी रोज खाली जाते. उडतं ते निव्वळ पाणी. क्षार मागेच राहतात. त्यावर पुन्हा बोअरचं पाणी ओतत राहिलं, तर दोन महिन्यांत टाकीतले क्षार कितीतरी वाढलेले असतात आणि काचेवर पाण्याच्या रेषेत पांढरी किनार उमटते. म्हणून घटलेली पातळी भरायला आरओच्या जारचं पाणी वापरावं, आणि आठवड्याला पाणी बदलताना एक दिवस उघडं ठेवलेलं नळाचं किंवा बोअरचं. सगळीच टाकी जारच्या पाण्याने भरली तर क्षार जवळजवळ उरत नाहीत आणि गोगलगायींची कवचं झिजू लागतात. तेही नको.

टँकर सुरू असलेल्या गावात ही हौस शोभते का, हा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्त आहे. पन्नास लिटरच्या टाकीत आठवड्याला पाव पाणी बदललं तर बारा-तेरा लिटर लागतं. टंचाईत टँकरच्या पाण्याचा हिशेब माणशी रोज वीस लिटरचा धरतात. म्हणजे टाकीचा आठवडा एका माणसाच्या एका दिवसाहून कमी. शिवाय काढलेलं पाणी मोरीत जायला नको. त्यात नायट्रेट असतं आणि ते झाडाला खतासारखं लागू पडतं. तुळस, कढीपत्ता, कुंडीतली मिरची हे पाणी आवडीने पितात. मात्र घरात पिण्याच्या पाण्याचीच मारामार असेल, तर त्या वर्षी नवी टाकी सुरू करू नये.

आता या लेखाच्या नावातल्या गोगलगायी. पफरचे दात म्हणजे वर दोन आणि खाली दोन पट्ट्या जुळून झालेली चोच, आणि ती आयुष्यभर वाढत राहते. कठीण कवच फोडत राहिल्याने ती झिजते. मोठ्या जातींत हे झालं नाही तर तोंडच मिटत नाही आणि मासा उपाशी मरतो. पी पफरमध्ये हा त्रास क्वचित होतो, तरी गोगलगायी त्याचं हक्काचं अन्न आहे. डबीतल्या कोरड्या दाण्यांकडे तो बहुधा ढुंकूनही पाहत नाही. त्यामुळे मासा आणण्याच्या महिनाभर आधी वेगळ्या बरणीत गोगलगायी वाढवायला घ्याव्यात. उकडलेल्या काकडीच्या किंवा दुधी भोपळ्याच्या फोडीवर त्या झपाट्याने वाढतात.

गावतळ्यातल्या किंवा शेततळ्यातल्या चपट्या, गुंडाळलेल्या कवचाच्या गोगलगायी थेट टाकीत सोडू नयेत. आपल्याकडची ही जात जनावरांच्या पर्णकृमींसारख्या परजीवींना आसरा देते. पाणवनस्पतीच्या पानामागे त्यांची पारदर्शक जेलीसारखी अंडी सापडतात. तेवढीच आणून बरणीत उबवावीत.

डासांच्या अळ्या पफरला प्रिय. आरोग्य खाते डबक्यांत गप्पी मासे सोडतं ते याच अळ्यांसाठी. पण पफरसाठी म्हणून घरात अळ्यांची बादली भरून ठेवणं म्हणजे डेंग्यूला आमंत्रण. दुसऱ्या भांड्यांमध्ये सापडल्या तर गाळून द्याव्यात, मुद्दाम पैदास करू नये. गटारातले जिवंत ट्युबिफेक्स किडे टाळलेलेच बरे.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि या माशाला चोवीस ते अठ्ठावीस अंश मानवतं. पत्र्याच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीला टाकी नको. पाण्यावर छोटा पंखा सोडला की दोन-तीन अंश सहज उतरतात. वीज गेल्यावर हवेसाठी बॅटरीवरचा पंप हाताशी हवा, कारण कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो.

पफर फुगतो, हे बघायला सगळ्यांना आवडतं. तो पाणी गिळून पोट ताणतो; फासळ्या नसल्यामुळे ते शक्य होतं. पण तो फुगतो ते जिवाच्या भीतीने. जाळीने उचलताना हवा गिळली तर ती बाहेर काढणं त्याला अवघड जातं. म्हणून त्याला जाळीऐवजी पाण्यासकट भांड्यातून हलवावं, आणि मजेसाठी डिवचू तर मुळीच नये. विषाची भीतीही लोक घालतात. या कुळातल्या अनेक माशांच्या यकृतात आणि अंडाशयात टेट्रोडोटॉक्सिन असतं. १९७५ मध्ये जपानचे काबुकी नट बांदो मित्सुगोरो आठवे असंच यकृत खाऊन दगावले. आपल्या कोकणात याच कुळातला केंड जाळ्यात आला की मच्छीमार वैतागतो, कारण त्या चोचीने जाळी फाटतात. हे विष खाण्यातून बाधतं, टाकीत हात घातल्याने नाही.

एका टाकीत एक नर आणि दोन-तीन माद्या, भरपूर झाडी, आणि दुसरा कुठलाही मासा नाही. गप्पी किंवा फायटर सोबत ठेवले तर त्यांचे पर कुरतडले जातात. नर थोडा सडपातळ, पोटाखाली गडद रेघ असलेला, मादी गोल. दुकानात पोट खपाटीला गेलेला मासा घेऊ नये. बाजारातले बरेच पफर नदीतूनच पकडलेले असतात आणि त्यांच्या आतड्यांत जंत असण्याची शक्यता मोठी.

नदीतून पकडलेले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यात असलेल्या तीस जातींचे किमान पंधरा लाख गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी निर्यात झाल्याचं राजीव राघवन, पुण्याचे नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं. त्यात मोठा वाटा असलेल्या तीन जातींपैकी एक हा पी पफर, आणि दुसरी कृष्णेच्या खोऱ्यातली पट्टेरी बोटिया. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत पी पफर ‘असुरक्षित’ गटात आहे. पण तो घरच्या टाकीतही वीण करतो. जावा मॉसच्या जुडग्यात बारीक पारदर्शक अंडी पडतात. ती वेगळ्या भांड्यात काढली नाहीत तर मोठे मासे खाऊन टाकतात. म्हणून ज्याच्याकडे घरची पिल्लं असतील त्याच्याकडून ती घ्यावीत, आणि आपल्याकडे झाली तर दुसऱ्या हौशी माणसाला द्यावीत.

बदली झाली, कंटाळा आला, टाकी फुटली, तरी मासा बिंदुसरेत किंवा माजलगावच्या धरणात सोडायचा नाही. उजनी धरणात चिलापी या बाहेरून आलेल्या माशाने स्थानिक माशांचं काय केलं, हे तिथल्या भोई मच्छीमारांना विचारावं. पफर दुकानात परत द्यावा, किंवा टाकी आणि गोगलगायींच्या बरणीसकट दुसऱ्या पाळणाऱ्याकडे सोपवावा.