नवी सीट, जुना पत्रा

डोंगरीतल्या एका अंगणात जुन्या प्रीमिअर पद्मिनीची बाकासारखी सलग सीट काढून नव्या गाडीच्या दोन सुट्या सीटा बसवणे चालले होते. भोके जुळेनात, म्हणून तळाच्या पत्र्याला नवी पाडायची ठरली. आम्ही जाजम उचलून पाहिले. समुद्र जवळ, पत्र्याचे पापुद्रे सुटत होते.

नव्या सीटांमध्ये पट्ट्याचे कुलूप बहुधा सीटलाच जोडलेले असते. त्यामुळे धडकेत माणसाचा बराचसा ओढा सीटच्या बोल्टांवर येतो. ताशी ५० किलोमीटर वेग ०.१ सेकंदात शून्य झाला, तर ६० किलोच्या माणसाला थांबवायला सरासरी सुमारे ८,३०० न्यूटन बल लागते. म्हणजे जवळजवळ ८५० किलोचे वजन!

वर्गात करून पाहा. कागदातून दोरा ओवून मागे गाठ मारा व ओढा. गाठ कागद फाडून निघते. आता गाठीआधी शर्टाचे बटण ओवा. तेवढ्याच ओढीला कागद टिकतो, कारण बल तेच असले तरी ते जास्त क्षेत्रफळावर पसरते. गाडीत हे काम पत्र्याखालची जाड पोलादी पट्टी करते. छोट्या वॉशरवर भागत नाही.

मग कागद ओला करून बटणासह ओढा. फाटतोच! गंजक्या पत्र्याचेही तसेच. डोंगरीच्या गाडीला आधी नवा पत्रा वेल्ड करावा लागला. सीटा त्यानंतर बसल्या.